सुखीबाईच्या पुस्तकाची फाइल

१२ फेब्रुवारी, गुरुवार

फाइल परत आली. दुसऱ्यांदा. असा राग आला का कीबोर्ड उचलून नालीत फेकावा, पण कीबोर्ड माह्याच पैशाचा हाये.

परवेज म्हणे, "इतकी बोंबलू नको, वहीत लिहून काढ. माहं गिऱ्हाईक घाबरते." माह्या दुकानाले लागूनच त्याचं मोटरसायकलचं गॅरेज हाये, मधात नुसती पत्र्याची भिंत. नवऱ्याचंही ऐकलं पाह्यजे कधी कधी. म्हणून ही वही.

तर झालं असं. बबिता राठोड माही कॉलेजातली मैत्रीण. आमच्या दिग्रसहून जवळच एका तांड्यावर तिचं सासर. तिची सासू सुखीबाई बंजाऱ्यांचं भरतकाम करते, काचा-कवड्यांचं. कांचळ्या म्हणजे चोळ्या, फेटिये म्हणजे लहेंगे, अन् घागरीखालच्या चुंबळी. या मुलखात तिच्यासारखा हात नाही, हे मी आता रागात हाये तरी कबूल करते. पुण्याच्या एका संस्थेनं ठरवलं का दर जिल्ह्यातल्या एका कारागिराचं पुस्तक छापायचं. यवतमाळातून सुखीबाईचं नाव लागलं. पण छापाले तयार फाइल आपणच बनवायची अन् आपणच त्यांच्या पोर्टलवर चढवायची. मार्चच्या पंधरा तारखेपर्यंत नाही गेली तर बाई बाद, नंबर पुढच्याचा.

बबिता दुकानात येऊन रडायच्या बेतात. "नुजहत, तुह्याशिवाय कोणी नाही वो." मी लग्नपत्रिका करते, जिनिंगवाल्यांची बिलबुकं करते, नगरसेवकाच्या पोट्ट्याच्या वाढदिवसाचे बॅनर करते. पुस्तक बापजन्मी केलं नव्हतं. पण मले नाही म्हणता येत नाही, अन् हो म्हटल्यावर चिडल्याशिवाय राहता येत नाही.

आज पोर्टल म्हणते, 'छायाचित्रांचा दर्जा छपाईयोग्य नाही.' कसा राहीन? बबितानं सारे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले. तिथं फोटो चेपून इतकुसा होते. मोबाइलात चकाचक दिसते, अन् कागदावर काढला का चिखल. हे तिले कितीदा सांगतलं. ती म्हणे, "पण मले तर बरोबर दिसून राह्यले." माय वो!

१५ फेब्रुवारी, रविवार

आज स्वतः तांड्यावर गेली, परवेजचा चांगला मोबाइल घेऊन. सारे कपडे अंगणात दोरीवर टांगले अन् एकेकाचे नव्यानं फोटो काढले.

सुखीबाईनं डोकं खाल्लं. मी फाटकातून आत आली नाही तोच ओट्यावरून म्हणे, "आली का नुजहत? बबिते, भांडकुदळ आली, चहा ठेव." तोंड माह्याकडे नाही, पण नाव बरोबर. मंग फोटो काढत होती तं बुढी माह्या मागं उभी, माहा खांदा धरून. मी सरकली का ती सरके. "मावशी, खांदा सोडा, फोटो हालते." नाही सोडला. जशी काही मी तिच्या कांचळ्या घेऊन पळून जाणार होती. अविश्वास पाहा!

वरून म्हणे, "लाल फेटियाचा काढला का?" तो तर तिच्या नाकासमोर टांगला होता, मी त्याचाच काढत होती. मी म्हटलं, "दिसत नाही का तुमाले, काढूनच तर राह्यली." हसली नुसती.

चहा बिनसाखरेचा होता. बबिताचं लक्ष कुठं असते कोण जाणे.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

पहिला रोजा. परवेजनं सकाळीच बजावलं का रोज्यात राग करायचा नसते, नाही तं उपासमार फुकट जाते. मी कबूल केलं. दुकान उघडलं, मेल पाह्यला, अन् कबुली खतम.

'कलाकृतींमधील आरशांत छायाचित्रकाराचे प्रतिबिंब दिसते. कृपया दुरुस्त करून पाठवावे.'

मी फोटो मोठा करून पाह्यला. खरंच! त्या कांचळीवर जेवढ्या काचा तेवढ्या नुजहत. हातात मोबाइल, तोंड उघडं. प्रत्येक फोटोत मी ओरडत होती का काय? अन् प्रत्येक नुजहतच्या मागं खांद्यावरून एक डोकं, पांढऱ्या केसांचं. परवेजले दाखवलं तं तो पत्र्याच्या भिंतीले टेकून इतका हसला का त्याचा पाना खाली पडला. "लय भारी फोटो हायेत. बंजारनीच्या कांचळीवर माही बायको!"

आता एकेक काच फोटोशॉपात पुसायची. सुखीबाईनं काचा कमी लावल्या असत्या तर काय जात होतं तिचं?

२४ फेब्रुवारी, मंगळवार

काचा पुसून झाल्या. मान आखडली. डोळे मिटले तरी गोल गोल दिसते. पण काम झाक झालं, कोणी म्हणणार नाही का इथं कोणी उभं होतं. कडांना कापणीची जागा सोडली. रंगही छपाईच्या चार शाईत आणले. स्क्रीनवरचा तो भडक गुलाबी कागदावर येतच नाही, म्हणून त्याले समजावत समजावत खाली आणला.

चांगल्या कागदावर एक प्रत काढली अन् उन्हातान्हात, रोज्यात, तांड्यावर नेली. म्हटलं बुढी खूश होईन.

तिनं काय केलं? प्रत हातात घेतली, उलटी! खालचं वर. मांडीवर ठेवली अन् पानावरून हात फिरवत बसली, जसं कोणी वासराले चोळते. एक पान, दुसरं पान. पाहाणं नाही, बोलणं नाही. मंग म्हणे, "काच कत छ?" म्हणजे काचा कुठं हायेत.

माहं डोकंच फिरलं. इतक्या दिवसांची माही मेहनत, मीच मले एकेका काचेतून काढून टाकलं, अन् ही बाई विचारते काचा कुठं! मी म्हटलं, "मावशी, काचा जागेवरच हायेत, फक्त स्वच्छ केल्या." ती म्हणे, "लागत नाहीत." "काय लागत नाहीत?" "चिकनं हाये सारं, गुळगुळीत," म्हणे, अन् प्रत बाजूले ठेवून दिली.

बबिता मधात पडली, "आवडलं वो याडीले, लय आवडलं." याडी म्हणजे आई, सासूले ती तसंच म्हणते. कुठून आवडलं? उलटं धरून आवडते का कोणाले? मुद्दाम करते बुढी. मोठ्या कारागिराचा नखरा, दुसरं काय. संस्थेनं नाव काय काढलं, डोक्यावरच बसली. ताई, मॅडम, कलाकार म्हणून पुण्याहून फोन येतात न.

येताना पाह्यलं तं बबिता तिले सुई ओवून देत होती. एक नाही, पाच-सहा सुया, वेगवेगळ्या रंगाच्या, ओवून रांगेत उशीले टोचून. राणीचा थाट! माह्या सासूनं मले असं काम सांगतलं असतं तर मी सुईसकट...

रोजा हाये. पुढं लिहीत नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

फाइल चढली! पोर्टलनं घेतली, हिरवी खूण आली. खाली बारीक अक्षरात नवीन फर्मान: 'कारागिराने प्रत्येक पान पाहून संमती दिल्याचा व्हिडिओ जोडावा. त्यानंतरच अंतिम फाइल स्वीकारली जाईल.' कोण बनवते हे नियम? त्याले एकदा दिग्रसले बोलवा. फक्त एकदा.

५ मार्च, गुरुवार

तांड्यावर होळीचा रंग अजून उतरला नाही. भिंती गुलाबी, बकऱ्या गुलाबी. बबिता म्हणे यंदा लेंगी, म्हणजे होळीची गाणी, लय रंगली, पण याडी पहिल्यांदाच बाहेर नाही आली, आतूनच ऐकत बसली. गुडघे दुखतात म्हणे. दर वर्षी मधात उभी राहून गाणं उचलून देणारी बाई ही. मोठेपणा आला का माणसाचे गुडघे दुखतातच.

व्हिडिओ ओट्यावर घेतला. मी म्हटलं, "मावशी, सोपं हाये. पानाकडे पाहा, मंजूर म्हणा, पान उलटवा."

पाह्यलं का? नाही. मान ताठ, नजर दारातून बाहेर निंबाकडे. "मंजूर."

"अवो खाली पाहा न!"

"पाहून तर राह्यली."

"तिकडं काय हाये? तिकडं कोण बसलं? पान इकडं मांडीवर हाये!"

तिनं मान खाली घातली, तर इतकी का हनुवटी छातीले टेकली, अन् डोळे बंद. मी पुन्हा सुरू केलं. पुन्हा निंब. दोन पानं एकदम उलटली. मंग कोरी बाजू वर करून "मंजूर" म्हणे. माह्या तोंडून निघालं, "मुद्दाम करता का वो तुमी? एका पानाकडे पाहाले तुमाले काय जोर पडते? माह्या घशाले सकाळपासून पाण्याचा थेंब नाही अन् तुमी खेळ लावला!"

बबिता रडाले लागली. तिले रडाले काय झालं, ओरडाले तर मले लागून राह्यलं होतं. अन् सुखीबाई? ती हसत होती! म्हणे, "ओरड वो, ओरड. बरं वाटते." वर तोंड करून सांगते! जो बरा आला तो तुकडा घेतला अन् निघाली. पाय आपटत निघाली, हेही लिहून ठेवते.

७ मार्च, शनिवार

उद्या महिला दिन. सकाळपासून 'स्त्रीशक्तीला सलाम'चे बॅनर. सारे पुरुषांनी सांगितलेले, साऱ्यांवर पुरुषांचेच फोटो.

त्यात पुण्याच्या समन्वयक मॅडमचा फोन. "व्हिडिओमध्ये कलाकार पानांकडे पाहत नाहीयेत. समितीनं आक्षेप घेतला आहे."

माहं सारं तिथं निघालं. मी म्हटलं, "मॅडम, मी काय त्यांची मान पकडून वाकवू? आंधळी झाली का काय ती बुढी, मले काय माहीत! तीन वेळा घेतला व्हिडिओ!"

मॅडमनं विचारलं, "त्या अंध आहेत का?"

"अवो नाही! बोलायची पद्धत हाये ही आमची."

"बरं. बघते मी," म्हणे, अन् फोन ठेवला. कशाचं काही समजत नाही या शहरातल्या बायांले. उद्या मी म्हटलं का डोक्शावर मिरे वाटू नका, तर त्या मिरे किती वाटले म्हणून मेल करतील.

९ मार्च, सोमवार

केला मेल. 'संबंधित कारागीर पाहू शकतात व त्यांचे काम सध्या चालू आहे, असे लेखी कळवावे. अन्यथा जिल्ह्यातील पुढील नावाचा विचार करण्यात येईल.'

हे घ्या! एका वाक्यावर! महिनाभर मी मरमर केली, अन् बाई बाद व्हायची तं ती माह्या तोंडापायी होईन. परवेजले सांगतलं. तो हसला नाही. म्हणे, "जाऊन लिहून आण. एका ओळीचं काम हाये. अन् शांतीनं आण."

१० मार्च, मंगळवार

शांतीनं कसलं. पण लिहिते, नाही तं झोप लागणार नाही.

बबिता हापशीवर भेटली. मी कागद पुढं केला. "एवढं लिहून दे, का याडीले चांगलं दिसते. बस. बाकी मी पाहाते."

तिनं कागद घेतला नाही. पाण्याची गुंड तशीच ठेवली अन् हापशीच्या दगडावर बसली. म्हणे, "नाही दिसत."

"काय नाही दिसत?"

"याडीले नाही दिसत, नुजहत. काचबिंदू हाये. यवतमाळले दाखवलं, अकोल्यालेही नेलतं. आता उजेड हाये का अंधार हाये तेवढं कळते. मागच्या दिवाळीच्या आधीपासून."

मी उभीच. मले ते सारं एकामागं एक आठवत गेलं, खांदा काहून धरला, प्रत उलटी काहून, चिकनं काहून, निंबाकडे काहून. अन् मी त्या बाईले काय काय बोलली! दिसत नाही का तुमाले, म्हटलं मी तिले. तोंडावर म्हटलं.

मंग मी बबितावर फुटली. "मले काहून नाही सांगतलं? मी कोण हाये, रस्त्यावरची? तू मले तमाशा करू दिला! उभी राहून पाह्यला!"

"तिनं शपथ घातली होती," बबिता म्हणे. "तांड्यात कोणाले सांगायचं नाही. अन् तुले तर नाहीच. घरात कळलं तवापासून तिचा पोरगा बादल तिच्याशी हळू बोलते, मीही हळू बोलते, लेकरंही. तिले लय राग येते त्याचा. तू आली का जीव लागते तिचा. म्हणे, एक तरी माणूस माह्याशी नीट भांडते."

तेवढ्यात ओट्यावरून आवाज, "बबिते, कोणासंगं कुजबूज लावली? नुजहत असन तर तिचा आवाज काहून नाही येऊन राह्यला?"

मी ओट्यावर गेली. चपला हळूच काढल्या. सुखीबाईनं मान तिरपी केली. "सांगतलं वाटते हिनं तुले."

"हो."

"झालं मंग. आता तूही बारीक बोलशीन."

"नाही बोलणार!" मी इतक्या जोरानं ओरडली का कोंबड्या उडाल्या. "तुमी मले बेवकूफ बनवलं मावशी! महिनाभर! अन् दिसणारच नव्हतं तं पुस्तक कायले पाह्यजे तुमाले? कोणासाठी मरून राह्यली मी?"

तोंडातून गेल्यावर वाटलं, जीभ हासडून टाकावी; बरं झालं, शेजारपाजार वावरात गेला होता. पण तिले राग नाही आला. म्हणे, "माह्या डोळ्यासाठी नाही वो पोरी. किती कांचळ्या भरल्या म्या. लग्नातल्या पोरींसंगं गेल्या, पेट्यांमध्ये कुठं सडल्या मालूम नाही. ज्या विकल्या त्याच्यावर दुकानदाराची चिठ्ठी. एका तरी जागी लिहून पाह्यजे का हे सुखीनं भरलं. मंग मी मरायले मोकळी."

तिथं बसून मी रडली. रोज्यात रडलं तर चालते का, विचारलं पाह्यजे.

११ मार्च, बुधवार

ठरलं. खोटं लिहायचं नाही. सुखीबाईनं स्वतः म्हटलं, "तांड्यात नको सांगू. पण त्या पुण्याच्या बाईशी खोटं बोलून माहं नाव छापायचं, हे नको."

पेटीतून सारे भरतकामाचे कपडे ओट्यावर काढले. मी पान धरलं अन् ओरडून सांगतलं, "पान पाचवं! काळी कांचळी, बाह्यांवर कवड्या!" बबितानं तीच कांचळी तिच्या हातात दिली. तिनं बोटं फिरवली. "ही माह्या नणदेच्या लग्नाची. मंजूर." पुढचं पान, पुढचा कपडा. "हे थंडीत भरलं, हात अकडले होते, टाके मोठे पडले. राहू दे. मंजूर." एका चुंबळीवर थांबली. "ही आंधळी झाल्यावरची. रंग बबितानं सांगतले. मंजूर."

मधातच विचारलं, "छापात काचा बरोबर आल्या न?"

मी सांगून टाकलं का काचांमध्ये मी दिसत होती, ओरडताना, अन् तुमी माह्या मागं. मी दोघींले पुसून टाकलं.

ती इतकी हसली का खोकला लागला. "राहू देती का वो! तुह्या तोंडानं काय बिघडलं असतं?"

त्यानंतर तिनं कापड घेतलं अन् कॅमेऱ्यासमोर टाके घातले. रांगेतल्या सुया बोटानं मोजत लाल उचलली, निळी उचलली. व्हिडिओ फार मोठा झाला, पोर्टल घेईना. कापून, दाबून, चेपून पाठवला. संगं एक ओळ: दिसत नाही, काम चालू आहे, पाहून घ्या.

१३ मार्च, शुक्रवार

मॅडमचा फोन. आवाजात साखर. "अहो, इतकी मोठी गोष्ट तुम्ही लपवली कशी? समितीतले सगळे भारावून गेलेत! आता मुखपृष्ठ बदलूया. मी मजकूर पाठवते."

मजकूर आला. 'अंधारातले आरसे : दृष्टिहीन सुखीबाईंची किमया.' अन् मुखपृष्ठावर कांचळी नको म्हणे, त्यांच्या डोळ्यांचा जवळून फोटो काढा. डोळ्यांचा!

मी विचारलं, "अन् नाही टाकलं हे तर?"

"मग समितीला पुढं नेणं अवघड जाईल," मॅडम म्हणे. गोड आवाजात.

वा रे वा! सोमवारी डोळे नाहीत म्हणून बाई बाद होत होती. शुक्रवारी डोळे नाहीत म्हणून तिचंच पुस्तक छापायचं. मधात ती बाई कुठं गेली? तिचं काम कुठं गेलं? परवेजच्या भिंतीवर मी मूठ मारली. पत्रा चेपला. तो आला, पत्रा पाह्यला, माहं तोंड पाह्यलं, अन् गुमान परत गेला.

१४ मार्च, शनिवार

तांड्यावर जाऊन सारं सांगतलं, लपवायचं नाही असं ठरवूनच.

बबिता म्हणे, "होऊ दे न. काय फरक पडते? पुस्तक तर होईन. खोटं कुठं हाये त्याच्यात?" अन् तिचंही बरोबर होतं. घरात बसून सासूचं मन रोज तीच सांभाळते, मी तर येऊन ओरडून जाते. मीही हो म्हणायच्या बेतात होती. खरं सांगते, होती.

सुखीबाईनं हातातली सुई उशीले टोचली. मंग म्हणे, "खोटंच हाये. त्या कांचळ्या भरल्या तवा मले दिसत होतं. सुईचं टोक दिसे. त्या तिकडं कोणाचा बैल सुटला थे इथं बसून दिसे. ती काळी कांचळी डोळसानं भरली वो. आंधळीची कशी झाली? अन् आंधळी झाल्यावर जे थोडंसं केलं, थेही डोळ्यानं नाही, बोटानं केलं. मंग माहे डोळे कायले छापतात?"

बबिता म्हणे, "याडी, नाही तर पुस्तकच नाही निघणार."

"नको निघू दे," सुखीबाई म्हणे. अन् आतल्या खोलीत गेली, भिंतीले हात लावत. आम्हा दोघींसमोर पहिल्यांदाच तिनं भिंतीले हात लावला.

१५ मार्च, रविवार

शेवटचा दिवस. सकाळी दुकान उघडून त्यांची नियमावली काढली, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. शिव्या देत वाचली, पण वाचली. अन् तिथं, साऱ्यांच्या खाली, सापडलं: 'मुदतीत स्वीकृत झालेली फाइल जशीच्या तशी छापली जाईल. संस्थेकडून मजकुरात कोणताही बदल केला जाणार नाही.'

जशीच्या तशी! या माह्या बाईंनो, आधी सांगतलं असतं तर तोंड गोड केलं असतं तुमचं.

मुखपृष्ठावर काळी कांचळी ठेवली, पानभर. खाली नाव, मोठ्या अक्षरात. बाकी एक शब्द नाही. मंग अक्षरं कर्व्ह केली. लग्नपत्रिकेत आम्ही हेच करतो. अक्षराचं चित्र बनते, मंग कोणी म्हटलं का एक शब्द मधात घुसवतो, तर घुसवता येत नाही. फाइल चढवली. पोर्टलनं कडा तपासल्या, रंग तपासले, फोटो तपासले. हिरवं. स्वीकृत.

दुपारून फोन. साखर संपली होती. "नुजहतताई, शीर्षक कुठं आहे?"

"हाये न मॅडम. सुखीबाई देवीलाल राठोड."

"आपलं वेगळं ठरलं होतं."

"तुमचं ठरलं होतं. आमचं नाही."

"तुम्ही फाइल मागं घ्या. मी पोर्टल तुमच्यासाठी पुन्हा उघडायला सांगते."

"नाही घेत. जशीच्या तशी छापतो, असं तुमीच लिहिलं. नसन छापायचं तर तसं लेखी कळवा, का डोळ्यांचा फोटो दिला नाही म्हणून कारागीर बाद केला. इथं दिग्रसात बॅनर मीच बनवते मॅडम. तुमचा कागद मोठा करून चौकात लावीन."

तिकडून कागद चाळल्याचा आवाज आला. मंग मॅडम म्हणे, "ठीक आहे. जाऊ द्या छापायला." अन् फोन ठेवला. मी खुर्चीवर बसून राह्यली. पत्र्यापलीकडून परवेज म्हणे, "झालं का भांडण?" मी म्हटलं, "झालं." तो म्हणे, "मंग मोटरसायकल काढतो, तांड्यावर सोडून देतो."

सुखीबाई ओट्यावरच होती. मी सांगतलं, गेली फाइल, घेतली त्यांनी, डोळ्यांचा शब्द नाही. तिनं ओट्यावर माह्यासाठी जागा केली. मी मुखपृष्ठाची प्रत तिच्या मांडीवर ठेवली, सुलटी. तिचं बोट पकडून नावाच्या जागी नेलं.

"इथं काय लिहिलं?"

"सुखीबाई देवीलाल राठोड," मी सांगतलं.

"अजून?"

"अजून काही नाही."

"मोठ्यानं वाच. बारीक काहून वाचते?"

मी उभी राह्यली अन् जेवढा दम होता तेवढा लावून ओरडली, "सुखीबाई देवीलाल राठोड!" पलीकडच्या अंगणातून लालीबाई धावत कुडापाशी आली, हात पिठाचे. "काय झालं वो? पुन्हा भांडण लागलं का?"

"नाही वो," सुखीबाई म्हणे. "माहं नाव वाचून राह्यली."